खांदशेकणीच्या हळदीखालची मान

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पोळा तोंडावर आला की विदर्भात गावोगावच्या पारावर आणि हरिपाठ आटोपल्यावरच्या गप्पांत एक जुना वाद हमखास निघतो. देवापुढे माणसाचे आणि जनावराचे मोल सारखे आहे का? एक म्हणतो, आत्मा एकच. दुसरा विचारतो, मग एकाच्या हातात कासरा आणि दुसऱ्याच्या नाकात वेसण का? आमच्यातले काही वावर कसतात, काहींची नोकरी पशुवैद्यकीय दवाखान्यात झाली. म्हणून या वादाबद्दल चार गोष्टी लिहाव्या वाटल्या. आमचे मत आधीच सांगतो: मोल सारखे आहे. ज्याला हे पटत नाही त्याने निदान यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीच्या संध्याकाळी, बैलाच्या खांद्याला हळद-तूप लावताना हात जरा दाबून फिरवावा. बैल मान चोरतो का, कातडी थरथरते का, हाताला गाठ लागते का, हे पाहावे आणि मग वाद पुढे चालवावा.

धर्म काय सांगतात ते थोडक्यात. गीतेच्या पाचव्या अध्यायातल्या अठराव्या श्लोकात विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि चांडाळ यांच्याकडे ज्ञानी माणूस एकाच नजरेने पाहतो असे म्हटले आहे. कुराणाच्या सहाव्या सूरेत जमिनीवर चालणारे प्राणी आणि पंखांनी उडणारे पक्षी तुमच्यासारखेच समुदाय आहेत असे येते. बायबलमध्ये दोन्ही बाजू सापडतात. एक चिमणीही पित्याच्या नकळत जमिनीवर पडत नाही असे येशू सांगतो, आणि लगेच, तुमचे मोल पुष्कळ चिमण्यांहून अधिक आहे असेही म्हणतो. त्याच बायबलच्या जुन्या करारात मळणी करणाऱ्या बैलाला मुसके बांधू नको अशी आज्ञा आहे, आणि सातव्या दिवसाची विश्रांती बैलाला व गाढवालाही दिलेली आहे. जे देव मानत नाहीत त्यांचेही ऐकावे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जनसमुदायाला ज्या 22 प्रतिज्ञा दिल्या, त्यांत प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. आणि आपल्याच मातीतले गाडगेबाबा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, देवाच्या नावाने बकरी-कोंबडी कापण्याविरुद्ध गावोगाव कीर्तनातून बोलत फिरले.

यांतल्या कोणीही बैलाचे आणि माणसाचे काम एक आहे असे म्हटलेले नाही. कामे वेगळी, अक्कल वेगळी, म्हणून जबाबदारीही वेगळी. पण दुखण्याच्या बाबतीत दोघांत फरक कुठे आहे, ते आम्हाला कोणी दाखवावे.

फवारणीचेच उदाहरण घ्या. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, कित्येकांचे जीव गेले. फवारलेल्या पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) ओळींतले गवत कापून गोठ्यात टाकले की बैलालाही विषबाधा होते. ऑर्गनोफॉस्फेट गटातले औषध असेल तर दोघांच्याही शरीरात ते एकाच जागी घाव घालते. नसांचा निरोप स्नायूंना पोचल्यावर तो थांबवणारे जे एन्झाइम असते, ते निकामी होते. मग लाळ गळते, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, अंग थरथरते, छातीत पाणी भरल्यासारखा श्वास घरघरतो. उतारा म्हणून दवाखान्यात माणसाला ॲट्रोपीन टोचतात आणि गोठ्यात बैलालाही ॲट्रोपीनच टोचतात, फक्त मात्रा वेगळी. ज्याने शरीर घडवले त्याने वेदनेची यंत्रणा दोघांना एकच दिली. फरक इतकाच की माणूस डब्यावरचे लाल त्रिकोणाचे चिन्ह पाहू शकतो, बैल पाहू शकत नाही. म्हणून फवारलेल्या वावरातले गवत डब्यावर लिहिलेले दिवस उलटेपर्यंत कापायचे नाही, पंप हाळावर (जनावरांच्या पाण्याच्या टाक्यावर) धुवायचा नाही आणि रिकाम्या डब्याने जनावराला पाणी पाजायचे नाही, ही जबाबदारी पूर्णपणे आपली.

आता मानेकडे येऊ, कारण खरे पाप तिथेच साचते. उन्हाळाभर बैल बसून असतात. मृग लागला की पेरणीची तिफण, मग निंदणाचा डवरा, आणि दीड-दोन महिने खांद्यावरचे जू उतरत नाही. बसून नरम पडलेली कातडी, वरून पाऊस, ओले जू. भिजलेली कातडी फुगते, केस घासून जातात आणि खाली सूज धरते. म्हणजे पोळ्याच्या सुमाराला, श्रावण अमावास्येला, बैलाची मान वर्षातल्या सर्वांत वाईट अवस्थेत असते. ज्यांनी आदल्या संध्याकाळी खांद शेकण्याची रीत घातली त्यांना हे ठाऊक असणार. पळसाच्या पानाने कोमट तूप-हळद मानेवर चोळणे हा खरे तर हंगाम संपतानाचा इलाज आहे. आपण त्यातला इलाज विसरलो, तेवढी हळद राहिली.

खांदेसूज टाळायची तर हंगामाच्या सुरुवातीपासून सांभाळावे लागते. पहिले आठ-दहा दिवस अर्धा दिवसच काम, सकाळचे. जोडीतले बैल उंचीने सारखे हवेत. एक ठेंगणा असला की जू तिरके होते आणि भार त्याच्या मानेवर सरकतो. जुवाची मानेवर टेकणारी बाजू रुंद, गोल आणि गुळगुळीत पाहिजे. तिथे खिळ्याचे डोके, गाठ किंवा फाटलेली साल चालत नाही. कित्येक जण माया म्हणून जुवाला चिंध्या गुंडाळतात. कोरड्यात ते ठीक, पण पावसात चिंधी भिजते, मातीने कडक होते आणि कानशीसारखी घासते. रोज सोडून धुवून वाळवणार असाल तरच चिंधी बांधा. टायरची ट्यूब तर नकोच, तिच्याखाली घाम जिरत नाही. बंडी भरताना माल आसाच्या पुढे-मागे तोलून ठेवावा. जुंपण्याआधी जू एकदा हाताने उचलून पाहावे. एकट्याला सहज उचलले पाहिजे. फार जड लागले तर तेवढे वजन दिवसभर मानेवर बसणार. आपोआप वर उठत असेल तर गाडी उलाळ, म्हणजे मागे जड आहे, मग जोत्याचा पट्टा गळ्याला आवळतो आणि बैल तोंड वर करून, घसा ताणून चालतो.

तरीही सूज आलीच तर पहिली गोष्ट, जू बंद. सूज ताजी, गरम असेल तर पहिला दिवस-दीड दिवस गार पाण्याच्या फडक्याने शेकावे. त्यानंतर मीठ घातलेल्या, हाताला सोसेल इतक्या गरम पाण्याने सकाळ-संध्याकाळ पंधरा-वीस मिनिटे. आत पू आहे की नुसते पाणी, हे डॉक्टर सुई घालून ठरवतात. ब्लेडने घरी फोडू नये. इथे दोन चुका घरोघर होतात. एक, बिब्बा लावणे. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात, आणि सूज उतरल्यासारखी वाटली तरी खाली जखम तयार होते. दुसरी, तापल्या लोखंडाने डागणे. डागाची खूण जन्मभर राहते आणि त्या जागची कातडी जाड, बधिर व भेगाळ होते, म्हणजे पुढच्या वर्षी जू नेमके तिथेच लागते. उघड्या जखमेवर खांदशेकणीचे गरम तूप लावू नका. आधी मिठाच्या पाण्याने धुवा, माशा बसू नयेत असे मलम लावा. पावसाळ्यात माशीने अंडी घातली की एका दिवसात आसडी (किडे) पडते. आणि सूज उतरल्याबरोबर जुंपायची घाई नको. वरून बरी दिसणारी मान आतून कोवळी असते. पंधरवड्याच्या विश्रांतीत जे निभते ते न केल्याने टणक गाठ बनते. ती मग औषधाने जात नाही, शस्त्रक्रियाच करावी लागते.

बैल ओरडत नाही म्हणून त्याला दुखत नाही, हा समज सगळ्यात घातक आहे. कळपात राहणाऱ्या, शिकार होणाऱ्या प्राण्याने दुखणे दाखवले की वाघ-लांडगा त्यालाच हेरतो. म्हणून पिढ्यानपिढ्या ही जात दुखणे लपवायला शिकली. पाहणाऱ्याला मात्र खुणा दिसतात. रवंथ थांबतो, बैल दात खातो, कान मागे पडतात, डोळ्याखाली ओल येते, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत राहतो. निरोगी बैल दिवसाचे सहा ते आठ तास रवंथ करतो. रात्री गोठ्यात कंदील नेऊन पाच मिनिटे नुसते बसले तरी कळते.

तुतारीला, म्हणजे बैल हाकायच्या काठीला, आर (टोचणी) लावणे हा दुसरा विषय. आर टोचलेली जागा पुठ्ठ्यावर (मागच्या मांडीवर) बारीक दिसते, आत मात्र गळू होते. ज्याला टोचल्याशिवाय बैल चालत नाही त्याने आधी ओझे पाहावे, मग खूर पाहावे, मग पोट. वेसणीचेही तसेच. नाकपुडीच्या पडद्याचा पुढचा मऊ भाग टोचायचा, मागचे कूर्चा नाही, आणि दोर सुताचा. नायलॉनचा दोर ओढला की चाकूसारखा चिरतो. गोऱ्हा बडवताना, म्हणजे खच्ची करताना, दगड-लाकडाने ठेचणे तर कुठल्याच धर्मात बसणार नाही. डॉक्टरांकडचा चिमटा भूल देऊन लावतात, दोन्ही बाजूंच्या नसा एकेक करून, आणि दोन खुणा एका रेषेत येऊ न देता, म्हणजे मधला रक्तपुरवठा शाबूत राहतो.

कायदा आपल्या बाजूने आहे, पण पोकळ आहे. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 मध्ये मारहाण आणि जादा ओझे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड 10 ते 50 रुपये. मुक्या जिवाच्या पाठीचे मोल कायद्याने एवढेच लावले, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते. 1965 चे नियम अधिक उपयोगी आहेत. 200 ते 350 किलो वजनाच्या मध्यम बैलाला दोन चाकी गाडीत रबरी हवेचे टायर नसतील तर 700 किलो आणि असतील तर 1050 किलो, जोडीला त्याच्या दुप्पट. लांब, उभा चढ असेल तर निम्मे. दिवसात नऊ तासांहून जास्त काम नाही, सलग पाच तासांहून जास्त नाही, आणि जिथे तापमान 37 अंशांच्या वर जाते तिथे दुपारी 12 ते 3 जुंपायचे नाही. आपल्याकडे मार्चपासून मृगापर्यंत 37 च्या खाली दुपार असतेच कुठे? म्हणजे विदर्भात उन्हाळ्यातली दुपार ही बैलाची हक्काची सुटी आहे. ती पाळली तर धुरकरीही सावलीत बसतो. बैलाला सोडून गड्याला उन्हात दुसऱ्या कामाला लावायचे, असा अर्थ कृपया कोणी काढू नये.

समान मोल म्हणजे समान ताट, असा गैरसमज मात्र पोळ्याच्याच दिवशी जीव घेतो. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" असे म्हणून आपण बैलाला जेवायला बोलावतो आणि मायेने पुरणपोळ्यांवर पोळ्या, वर गहू-ज्वारीचे भरडण आणि भात भरवतो. पाच घरे फिरली की पाच नैवेद्य. बैलाच्या पोटाचा पहिला मोठा कप्पा म्हणजे कडबा-कुटार मुरवणारी टाकी आहे. त्यातले जिवाणू चाऱ्याला सरावलेले. एकदम पीठ आणि गूळ पडला की दुसऱ्याच जातीचे जिवाणू वाढतात, आम्ल तयार होते, पोट आंबते. रात्री रवंथ बंद, सकाळी आंबट वासाचे पातळ शेण, डोळे खोल गेलेले, बैल उठत नाही. काही पोळ्याच्या दुसऱ्याच दिवशी दगावतात, आणि घरचे म्हणतात, नजर लागली. नैवेद्याच्या दोन पोळ्या पुरेत. बाकीच्या घरच्यांनी नुसते ओवाळावे, हिरवी पेंढी द्यावी. पोळ्यांआधी कडबा पोटभर खाऊ घातला असेल तर धोका कमी. खाणे जास्त झालेच तर नळीने जबरीने काही ओतू नका, श्वासनलिकेत गेले की फुप्फुस जाते. ताबडतोब डॉक्टरांना बोलवा. जेवायला बोलावलेल्या पाहुण्याला त्याच्या पोटाला मानवेल तेच वाढायचे, हा आपल्याकडचा जुना रिवाज इथेही लागू आहे. शिंगांना ऑइलपेंटही नको. जोडीदार एकमेकांना चाटतात आणि रंगातले द्रव्य पोटात जाते. गेरू आणि बेगड पुरेसे शोभतात.

आता खरा आक्षेप. माणूस कर्जापायी जीव देतो आहे आणि तुम्ही बैलाच्या मानेचे घेऊन बसलात, असे कोणी म्हणेल. त्याचा राग आम्हाला कळतो. पण ज्या घरात कर्ज चढते त्या घरातला बैल आधी उपाशी राहतो, मग बाजारात जातो, आणि त्याच्यामागे पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरवर येते. दोघांची अवस्था एकाच दोराने बांधलेली आहे. 2015 पासून राज्यात बैलाच्या कत्तलीवर बंदी आहे, म्हणून म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक नाही, आणि त्याला रोज सहा-सात किलो चारा लागतोच. सोयाबीन आणि कपाशीने ज्वारी हटवली, ज्वारीबरोबर कडबा गेला. तेव्हा म्हाताऱ्या बैलाला रात्री हळूच दुसऱ्या गावाच्या शिवारात सोडून देणारा माणूस निर्दय असतोच असे नाही. त्याला चारा मिळाला तर तो सोडणार नाही.

चाऱ्याचा एक उपाय पूर्व विदर्भात सहज होण्यासारखा आहे. धानाची तणस फुकट जाते, जाळलीही जाते. 100 किलो वाळल्या तणसीला 4 किलो युरिया 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थर रचत-शिंपत, पायाने तुडवत दाबावे. वरून प्लास्टिक टाकून हवाबंद करावे. 21 दिवसांनी उघडले की तणस मऊ, पिवळसर-तपकिरी होते आणि तिच्यातले प्रथिन वाढते. चुकते कुठे? युरियाचा खडा न विरघळता राहिला, किंवा बादलीतले उरलेले पाणी जनावर प्याले, तर तासाभरात ते मरू शकते. म्हणून बादली लगेच धुवून पालथी घालावी. प्लास्टिकला भोक असेल तर बुरशी येते, तो थर फेकावा. काढलेली तणस तास-दोन तास पसरून वास उडू द्यावा, पहिले आठ दिवस थोडी-थोडी साध्या चाऱ्यात मिसळावी, आणि सहा महिन्यांखालच्या वासराला अजिबात देऊ नये. अशी तणस खाऊन म्हातारा बैल उन्हाळा काढतो.

जंगलालगतच्या गावांसाठी एक वेगळे वाक्य लिहिणे भाग आहे. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) पीक उद्ध्वस्त करतात, वाघ-बिबट माणसे मारतात. अशा वेळी देवापुढे सगळे सारखे म्हणणे क्रूर वाटते. स्वतःचा जीव आणि पीक राखण्याचा हक्क माणसाला आहेच. पण कुंपणात थेट विजेच्या खांबावरचा करंट सोडणे हा बचाव नव्हे. सौर झटका यंत्राचा झटका सेकंदाला एकदा, सेकंदाच्या हजाराव्या भागापुरता असतो. जनावर दचकून मागे पळते. 230 व्होल्टची थेट तार स्नायू आवळून धरते, सुटू देत नाही. तिला डुक्कर, वाघ, शेजारच्या वावरातली बाई आणि पहाटे पाणी द्यायला आलेला आपलाच मुलगा यांच्यातला फरक कळत नाही.

नवसाबद्दल एवढेच म्हणतो की नवस आपण बोललेला असतो, बोकडाने नाही. देवाचे काही देणे असेल तर ते आपल्या खिशातून आणि आपल्या कष्टातून जावे. ज्या घरांत आज कंदोरी (नवसाचा बोकड कापणे) होते त्यांना शिव्या घालून काही साधणार नाही. गाडगेबाबा शिव्या घालत नव्हते, प्रश्न विचारत होते.

महादेवाच्या देवळात नंदीच्या दोन शिंगांमधून पिंडीचे दर्शन घेतात. बैलाच्या शिंगांमधून देव पाहायची रीत ज्या समाजाने घातली, त्या समाजाकडे आमची यंदाच्या पोळ्यापुरती एक मागणी आहे. तोरणाखाली जोड्या उभ्या करण्याआधी, दुपारी, गावातल्या दोन जाणत्या माणसांनी प्रत्येक बैलाच्या झुलीखाली हात घालून मान, पुठ्ठा आणि नाक पाहावे. ग्रामपंचायतीने आदल्या दिवशी हाळ रिकामा करून घासून भरून ठेवावा, कारण या दिवसांत एका बैलाला 40 लिटरच्या आसपास पाणी लागते. डीजेची भिंत रांगेपासून लांब ठेवावी, फटाके तर नकोतच. ज्याची मान सुजलेली असेल त्याला रांगेत न आणता घरीच ओवाळावे, तोरणाचा मान त्याच्या दारात नेऊन द्यावा. आणि त्याच्या मालकाला, तान्हा पोळा आटोपला की, दवाखान्यात जाण्यासाठी कोणीतरी सोबत करावी.

आपले,
काही शेतकरी व निवृत्त पशुवैद्यकीय कर्मचारी
(यवतमाळ-वर्धा भाग)